दोनदा जिंकून तिसरे

"आम्ही दोनदा जिंकलो आणि तिसरे आलो," असं आजोबा म्हणायचे. लहान पोरांची टीम हरून, नाकं पुसत त्यांच्या खिडकीसमोरून गेली की ते धार लावायचं चाक थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, एवढंच वाक्य बोलायचे आणि पुन्हा चाक सुरू करायचे. एखादी टीम जिंकून नाचत गेली तरी तेच. पोरांना अर्थ लागत नसे, त्यांच्या आया समजूतदारपणे हसत. मलाही बरेच दिवस वाटत होतं, असेल यांच्या देशातली एखादी म्हण.

म्हण नव्हती. एका जुन्या स्पर्धेचा तो निकाल होता. पण ते पुढे.

मी अमेरिकेत आलो दोन हजार एकच्या नोव्हेंबरात, म्हणजे बरोबर नको त्या वेळेला. विमानं आदळून ते दोन टॉवर पडले त्याला दोनच महिने झाले होते. ताईनं माझ्यासाठी अर्ज केला तेव्हा मी विशीत होतो आणि कागद हातात पडले तेव्हा चाळिशी दिसायला लागली होती. लग्न राहूनच गेलं. मधली सगळी वर्षं कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर उभा होतो. शाळा नववीत सुटली. वडील अंथरुणाला खिळले, वर्कशॉपचे मालक म्हणाले पाठवा पोराला, आणि मी गेलो. त्याची तक्रार नाही. पण मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या ताईच्या घरी शनिवारी मंडळी जमायची, पुण्याची, नागपूरची, सगळी कॉम्प्युटरमधली, आणि डिश हातात घेऊन मला विचारायची, "तुम्ही कुठे आहात?" त्यांना कंपनीचं नाव हवं असायचं. मी म्हणायचो, "इथंच, ताईकडे." मग ते हळूच दुसऱ्या कुणाशी बोलायला लागत. माणसं वाईट नव्हती. पुढे काय विचारावं ते त्यांना सुचत नसे, एवढंच.

मला तिथं सगळ्याचीच भीती वाटायची. ग्रीन कार्डाची झेरॉक्स शर्टाच्या खिशात आणि शर्टावर दोन स्वेटर. पोलिसाची गाडी मागून आली की, आपण नुसते फुटपाथवरून चालतोय हे माहीत असूनही हात छातीवर जायचा. त्या हिवाळ्यात माझ्या रंगाच्या माणसाकडे लोक एकदा जास्तच बघायचे. मी सगळ्यांना थँक्यू म्हणायचो. दार उघडून धरलं तरी थँक्यू, नाही धरलं तरी थँक्यू.

भाचा अकरा वर्षांचा होता आणि हॉकी खेळायचा. बर्फावरची हॉकी. आपल्याकडे पोराच्या अंगाला तालमीची माती लागते तसा मिनेसोटात बर्फ लागतो. शेजारच्या गावातल्या रिंकवर, म्हणजे छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर, ताई आम्हा दोघांना सोडून ड्यूटीवर जायची. "मामा, वी आर लेट," म्हणत तो पळायचा आणि मी त्याची बॅग ओढत मागून. रिंकच्या एका कोपऱ्यात स्केट्सना, म्हणजे तळाला पातं असलेल्या बुटांना, धार लावायची खोली होती. खोली कसली, एक खिडकी आणि आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. तिथून मला ग्राइंडरचा आवाज आला, तापलेल्या लोखंडाचा वास आला, आणि खरं सांगतो, त्या देशात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

स्केटच्या पात्याला धार एक नसते, दोन असतात. मध्ये उथळ पन्हळ आणि दोन्ही बाजूंना कड. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. भाच्याचे स्केट्स धार लावून आले, मी सवयीनं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, एका ठिकाणी बारीक खरखर लागली, तिथं बोट ठेवून दाखवलं. आतल्या म्हाताऱ्यानं स्केट परत घेतला, हातातल्या छोट्या दगडानं एकदा पुसला आणि दिला. मग माझा हातच धरून खिडकीतून आत ओढला आणि नख उजेडात धरून बघितलं. ग्राइंडरवाल्यांची नखं झिजलेली असतात.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"इंडिया," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कुठल्या मशीनवर?"

त्या प्रश्नावर मला नोकरी लागली. रिंकच्या मॅनेजरबाईंनी माझं शिक्षण विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. आजोबा मध्येच म्हणाले की मीही तेवढंच शिकलोय, माझं काही अडलं का. हे खोटं होतं. ते त्यांच्या देशात टेक्निकल स्कूलचा डिप्लोमा घेतलेले होते. मला ते कळायला पुढे सहा वर्षं गेली, आणि तेव्हा थँक्यू म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

त्यांना नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. तिथं पाच वर्षांचं पोरगंही म्हाताऱ्याला नावानं हाक मारतं. मी पहिल्या दिवशी काका म्हणालो तर ते चहा सांडेपर्यंत हसले. त्यांच्या भाषेत तो शब्द लहान मुलांच्या लंगोटापाशी वापरतात म्हणे. मग आजोबा म्हणायला लागलो. त्याचा अर्थ विचारून घेतला त्यांनी आणि मान डोलावली. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको मी यायच्या आधीच वारली होती.

चेकोस्लोव्हाकियातून आलेले होते ते. तो देश आता नकाशावर नाही, पण ते चेकोस्लोव्हाकियाच म्हणायचे. इंग्रजी त्यांचं मोडकं, माझं त्याहून. पण चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यासमोर माझे शब्द पळून जायचे, त्यांच्यासमोर पळायचे नाहीत. दुपारी ते काळ्या पावावर चरबी फासून वर कच्चा कांदा आणि मीठ घेऊन खायचे. मी भाकरी आणि कांदा काढला तर म्हणाले, "कांदा असाच? कापायचा नाही?" मी बुक्की मारून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून तेही बुक्कीनं फोडायला लागले, आणि खिडकीवर आलेल्या बायका नाक दाबायला लागल्या.

त्यांची काही व्रतं होती. घाई आहे असं जो म्हणेल त्याचे स्केट्स सगळ्यात शेवटी. दोन पोरांच्या स्केट्सच्या मध्ये थांबलेल्या चाकावरून हात फिरवून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, त्यांच्या भाषेत. आणि काळी टेप. हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी टेप त्यांच्या खिशात कायम असायची. त्या टेपनं ते खुर्चीचा पाय बांधायचे, चष्म्याची दांडी बांधायचे, आणि लाल तारा दिसला की तो झाकायचे. कुठलाही. एका पोराच्या हेल्मेटवर आईनं हौसेनं चांदणीचे स्टिकर लावले होते, त्यातली लाल होती तेवढी त्यांनी झाकून दिली. पोरगं रडलं. मॅनेजरबाई आल्या. आजोबांनी पिवळ्या आणि निळ्या चांदण्या दाखवल्या आणि म्हणाले, ह्यांना मी काही केलं का? मिनेसोटाला लोक उत्तरेचा तारा म्हणतात. मी एकदा चेष्टेनं विचारलं की मग इथं कसे राहता? ते गंभीरपणे म्हणाले, "आल्या दिवशी रंग विचारून घेतला होता."

आणखी एक होतं. रिंकवर सकाळी म्हातारे लोक खेळायचे, त्यात आजोबा गोलवर उभे राहायचे. हॉकीत रीत अशी की मॅच संपली की दोन्ही टीम रांग लावतात आणि समोरासमोरून जात प्रत्येकाचा हात हातात घेतात. कितीही मारामारी झालेली असो. दात पडलेला माणूस दात पाडणाऱ्याशी हात मिळवतो. मला ही रीत फार आवडायची. पण शेवटची शिट्टी झाली की आजोबा पाठ फिरवून बाहेर यायचे. रांगेत उभे राहताना मी त्यांना कधीही पाहिलं नाही. त्यांचे सोबती म्हणायचे, जाऊ दे, त्याचं ते असंच.

मी आल्यानंतरच्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिम्पिक अमेरिकेतच होतं. रिंकच्या लॉबीत मोठा टीव्ही लावला होता. अमेरिका विरुद्ध रशिया, सेमीफायनल. सगळं गाव तिथं लोटलेलं. जुनी माणसं एकोणीसशे ऐंशीबद्दल बोलत होती, जेव्हा अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी रशियाच्या कसलेल्या टीमला हरवलं होतं. त्या पोरांत बरीच मिनेसोटाची होती, त्यामुळे लॉबीतला प्रत्येक जण त्यांच्यातल्या कुणाचा तरी शेजारी, वर्गमित्र नाहीतर निदान पेपर टाकणारा होता. आजोबांच्या देशाला या वेळच्या स्पर्धेत, दोनच दिवस आधी, रशियानं एका गोलनं घालवलं होतं. लोकांनी त्यांना हाका मारल्या, ये बाहेर, तुझा सूड आम्ही घेतोय. ते आतच राहिले. टीव्हीकडे पाठ करून धार लावत राहिले. अमेरिका जिंकली तेव्हा छप्पर उडेल असा आवाज झाला. मी आत गेलो आणि म्हणालो, आजोबा, हरले ते.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "ह्या लोकांना दुसरी गोष्ट मिळाली सांगायला. गोष्ट असणं चांगलं असतं." मग पुढचा स्केट उचलत म्हणाले, "ह्यांच्या गावात रणगाडे आले नव्हते."

मी न विचारणारा माणूस आहे. विचारलं की समोरचाही विचारतो.

दोन हजार चारच्या जानेवारीत रिंकवर एक रशियन गृहस्थ आले. आजोबांच्याच वयाचे, बारीक, लोकरी टोपी घातलेले. इंजिनिअर म्हणून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आले होते. खिडकीच्या फळीवर त्यांनी जुने, नीट पुसलेले स्केट्स ठेवले आणि दोन शब्द बोलले. उच्चार ऐकल्याबरोबर आजोबांनी स्केट्स एका बोटानं मागे सारले.

"मशीन बंद आहे."

चाक त्यांच्या मागे गरगर फिरत होतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, द्या, मी करतो. आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या चाकावर नाही." त्या गृहस्थांनी चाकाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, टोपीला हात लावला आणि स्केट्स उचलून गेले. आजोबांच्या उच्चारावरून त्यांना कळलं असावं. त्यांच्या मुलाला कळलं नाही, किंवा जरा जास्तच कळलं. तो वकील होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंकडे तक्रार आली.

रिंक गावाच्या मालकीची होती. कोण कुठल्या देशाचा म्हणून काम नाकारणं तिथं चालत नाही, आणि चालू नये हे मलाही पटतं. मी त्याच कायद्याच्या आधारानं त्या देशात उभा होतो. मॅनेजरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, शनिवारपर्यंत त्यांची माफी मागायची आणि त्यांचे स्केट्स करून द्यायचे, नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल. आजोबांनी मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, तसं झालं तर खोली तुला सांभाळावी लागेल, तयार आहेस ना? मी थँक्यू म्हणालो. सवयीनं गेलं तोंडातून.

त्या माणसाला त्या खोलीखेरीज जगात काही नव्हतं. घरी ते फक्त झोपायला जायचे. आणि ज्यानं मला हात धरून त्या खिडकीतून आत घेतलं त्यालाच बाहेर काढून त्याच्या जागेवर मी उभा राहणार. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तू कशाला मनाला लावून घेतोस? त्यांनी एक सॉरी म्हटलं की संपलं." भावोजी म्हणाले की हा एचआरचा इश्यू आहे, तू मध्ये पडू नकोस.

मी मध्ये पडलो. तेही आपल्या पद्धतीनं. त्याच आठवड्यात संक्रांत होती. ताईनं तिळगुळाचे लाडू केले होते आणि मला डबा भरून दिला होता. मी सकाळी रिंकवर सगळ्यांना वाटत निघालो. बाईंना दिला, बर्फ सारखा करायची गाडी चालवणाऱ्याला दिला, दोन-तीन आयांना दिला. प्रत्येकाला सांगत होतो की आमच्याकडे हे खायचं आणि गोड बोलायचं, मागचं सोडून द्यायचं. रशियन गृहस्थ सकाळी स्केटिंगला आलेले होते, भाड्याचे स्केट्स घालून. मी त्यांनाही दिला आणि म्हणालो, चला, आमच्या खोलीत चहा घेऊ. मला खरंच वाटत होतं की दोघांच्या हातात लाडू ठेवला की काम होईल. लहानपणापासून तसंच बघितलेलं. बांधावरून वर्षभर भांडलेले चुलते त्या दिवशी एकमेकांच्या घरी जायचे, आणि लाडू घेतला की बोलायचेच. लाडवानं बोलणं सुरू होतं हे मी बघितलेलं होतं. बोलणं सुरू झाल्यावर काय निघेल, हा विचार केला नव्हता.

आजोबांनी लाडू घेतला होता. माझ्या मागे कोण आहे ते पाहून तो तसाच हातात राहिला. मी घाईघाईनं तेच वाक्य म्हणालो, खा आणि गोड बोला. रशियन गृहस्थांनी लाडू तोंडात टाकला, चावून संपवला आणि बोलले. अगदी मनापासून बोलले.

"एकोणसत्तरच्या त्या दोन्ही मॅच मी पाहिल्या होत्या. हॉस्टेलच्या टीव्हीवर. तुम्ही आमच्यापेक्षा चांगले खेळलात. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं."

आजोबांनी चाक बंद केलं.

"त्याच्या आदल्या ऑगस्टात कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"लेनिनग्राडला. कारखान्यात."

"रणगाड्यात नव्हता?"

"नव्हतो."

"मग तुमच्याशी माझं भांडण नाही," आजोबा म्हणाले, आणि लाडू त्यांनी फळीवर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं, त्यामुळे सोप्या शब्दांत. अडुसष्टच्या ऑगस्टात त्यांच्या देशात रशियाचे रणगाडे शिरले. लोकांजवळ बंदुका नव्हत्या. पुढच्या वसंतात स्टॉकहोमला हॉकीची जागतिक स्पर्धा झाली आणि तिथं त्यांच्या टीमनं रशियाला हरवलं. एकदा नव्हे, दोनदा. काही खेळाडूंनी जर्सीवरच्या सिंहाच्या डोक्यावरचा लाल तारा, रशियाच्या राजवटीची खूण, काळ्या टेपनं झाकला होता. मॅच संपल्यावर ते रांगेत थांबले नाहीत, हात न मिळवता निघून गेले. आणि एवढं होऊन गोलांच्या हिशोबात सोन्याचं पदक गेलं रशियालाच. यांचा नंबर तिसरा. तरी दुसऱ्या विजयाच्या संध्याकाळी अख्खा देश रस्त्यावर आला. आजोबांच्या गावातही. भिंतींवर लोक खडूनं त्या मॅचचे गोल, चार-तीन, चार-तीन असं लिहीत सुटले होते. गावात रशियन सैन्याची बराक होती, गर्दी तिकडे वळली. आजोबा होते, सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा.

"खिडकीवर दगड मी मारला," ते म्हणाले. "धरलं त्याला. त्याच्या हातात खडू होता."

भावानं दगड मारणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. त्याचं कॉलेज सुटलं, कोळशाच्या खाणीत पाठवला. आजोबा त्याच वर्षी, सीमा बंद व्हायच्या आत, बायकोला घेऊन निसटले. भाऊच म्हणाला होता, जा. पळून गेलेल्याचा भाऊ म्हणून नंतर त्याचे आणखी हाल झाले. राजवट बदलली, परत जाता येण्यासारखं झालं, त्याच्या दोन वर्षं आधी तो छातीच्या आजारानं गेला.

"हा म्हणतो गोड बोला," माझ्याकडे हात करून ते त्या गृहस्थांना म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "तुम्ही चांगले दिसता. मी तुमच्याशी हात मिळवला तर मला बरंच वाटेल. पण ते मला वाटून काय उपयोग? ज्यानं भोगलं त्याला विचारायला हवं. त्याच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार मला नाही. मी तर पळून आलेला माणूस."

त्यांनी ॲप्रन काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, शनिवारची वाट कशाला बघायची. कोट घातला आणि मागच्या दारानं निघून गेले. आम्ही दोघं तिथंच उभे. रशियन गृहस्थांच्या मिशीला तीळ चिकटलेला होता. तो मला अजून दिसतो.

मग ते मला म्हणाले, "तुझ्या मॅनेजरची खोली कुठली?"

आत काय बोलणं झालं ते मला बाईंनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, माझ्या मुलाची तक्रार मी परत घेतो. त्या माणसानं मला काही नाकारलेलं नाही, त्यानं मला कारण सांगितलं. मी धार दुसरीकडे लावून आणीन. बाई म्हणाल्या, पण तुम्हाला इथं लावून घ्यायचा हक्क आहे. ते म्हणाले, हक्क आहे म्हणूनच तो न घेणं माझ्या हातात आहे. मुलगा संध्याकाळी येऊन बाईंसमोर वडिलांशी त्यांच्या भाषेत कडकडून भांडला. म्हातारे टोपी मांडीवर घेऊन ऐकत राहिले आणि त्यांनी मान काही हलवली नाही.

बाई आणि मी आजोबांना आणायला त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. सगळं ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि विचारलं, "मग तो आता धार कुठे लावणार?" मी धार लावायचं दुसरं दुकान असलेल्या गावाचं नाव सांगितलं, वीसेक मैलांवरचं.

"तिथला पोरगा घाई करतो," ते म्हणाले. आणि कोट घ्यायला उठले.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं मी हे पाहिलं. रशियन गृहस्थ सकाळी यायचे, आमच्या खिडकीसमोरून जायचे. आजोबा ते जाईपर्यंत चाक थांबवायचे. बोलणं नाही, मान हलवणं नाही. नवीन माणसाला वाटायचं, काय खुनशी म्हातारा आहे. ते बर्फावर उतरले की मात्र आजोबा काचेपाशी जाऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. असे एक-दोन आठवडे गेले आणि एक दिवस मला म्हणाले, त्या दुकानात फोन लाव. तुझ्या नावानं. सांग की त्या टोपीवाल्या रशियनाचा डावा पाय आत पडतो. डाव्या पात्याची पन्हळ उथळ ठेव म्हणावं, आणि आतली कड दगडानं जरा मारून दे, नाहीतर वळताना अडकून पडेल, ह्या वयात खुबा गेला की गेला. मी फोन लावला. माझं इंग्रजी पलीकडच्या पोराला कळेना, तेव्हा आजोबा शेजारी उभं राहून मला एकेक शब्द सांगत होते. फोन स्वतःच्या हातात घेतला नाही.

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तो फोन व्हायचा. त्या दुकानातला पोरगा बदलला की पुन्हा व्हायचा.

आजोबा दोन हजार सातच्या डिसेंबरात गेले. दुपारी पाव खाल्ला आणि खुर्चीतच मान टाकली. मी समोर होतो. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून बसलो आणि मराठीत काय काय बोलत होतो, आता आठवत नाही. अंत्यविधीला आम्ही थोडेच होतो. रिंकवरचे म्हातारे, बाई, ताई, मी. रशियन गृहस्थ आत आले नाहीत. चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीशेजारी, बोचऱ्या वाऱ्यात, टोपी हातात धरून उभे होते. विधी संपेपर्यंत तसेच. मी त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, बोलावल्याशिवाय कसं यायचं.

खोली माझ्याकडे आली. नंतरच्या आठवड्यात ते सकाळी आले, स्केटिंग करून बाकावर बसून स्केट्स काढत होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. म्हणालो, आता इतक्या लांब कशाला जाता? बर्फ पडतोय, रस्ते निसरडे आहेत. द्या इकडे, मी करून देतो.

त्यांनी मान हलवली. "त्यानं हो म्हटलं नव्हतं."

"ते आता नाहीत."

"म्हणून तर."

मग मी त्यांना फोनचं सांगितलं. डाव्या पायाचं, उथळ पन्हळीचं, दर वर्षीच्या फोनचं, सगळं. शब्द जुळवायला मला वेळ लागला आणि त्यांनी तो दिला. ऐकून त्यांनी डावा स्केट उचलला, उलटा केला आणि पात्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले असतील, पण स्केटिंग करून आलेल्या म्हाताऱ्याचे डोळे तसेही पाणावलेले असतात.

"मला वाटायचं, त्या पोराला एवढं कसं कळतं," ते म्हणाले.

मी पुन्हा हात पुढे केला. त्यांनी पाती फडक्यानं कोरडी पुसली, दोन्ही स्केट्सचे बंद एकमेकांना बांधले आणि ते खांद्यावर टाकले.

"मग तर तिथंच जायला पाहिजे," ते म्हणाले, आणि टोपी कानांवर ओढून गाडीकडे गेले.